इंदे, दोन हात रूळ राहिलाय

इंदे, साहेबांच्या टेबलावरचा दोन हात रूळ अजून तसाच पडलाय. काळा कुळकुळीत, चकचकीत, दुकानातून आणल्यासारखा. बाकी सगळं टेबल तुझ्या हातचं आणि मधेच एवढा तुकडा उघडा. दात पडल्यावर तोंड दिसतं तसं दिसतं.

तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब घरी आले होते. रिक्षानं, काठी टेकत. चहा नको म्हणाले. थोडा वेळ तुझ्या फोटोकडं बघत बसले, मग म्हणाले, "मुकादम, लेक मला पुण्याला घेऊन चाललीय. तिच्या फ्लॅटमध्ये टेबल मावत नाही. इथल्या कॅम्पातल्या एका शाळेला देतोय. रविवारी टेम्पो येईल."

मी म्हटलं, चांगलं झालं.

"तेवढा शेवटचा तुकडा राहिलाय," साहेब म्हणाले. "तुमच्या मनासारखा करा, नाहीतर इंदूबाईंच्या. मी काही म्हणणार नाही."

तुझ्या मनासारखा म्हणजे वाट ठेवायची. माझ्या मनासारखा म्हणजे वाट नाही. त्याच्यावरूनच आपण शेवटचं भांडलो आणि भांडण मिटायच्या आधी तू उठून गेलीस. आता ठरवायचं मी. आज मंगळवार. हातात चार दिवस आहेत, आणि आडवं बोलायला तू नाहीस तर मला काही ठरवताच येत नाही. म्हणून तुलाच लिहितोय.

हे सगळं लचांड तूच सुरू केलंस, हे आधी कबूल कर. देवळाली कॅम्पात साहेबांच्या बंगल्यावर तू पोळ्या करायला जायचीस. माझी रेल्वेच्या गँगमधली नोकरी तेव्हा दोन-तीन वर्षं राहिली होती. एक दिवस दुपारी घरी आलीस ती हसतच.

"अहो, साहेबांनी माडीवर रेल्वे आणलीय."

मला वाटलं कॅलेंडर असेल.

"चित्र नाही हो, गाडी! बोटाएवढी. चालती. दोन खाटा जोडल्यावर होईल एवढ्या टेबलावर गोल गोल फिरती. अन् मी सांगून आले त्यांना."

"काय सांगून आलीस?"

"म्हटलं, साहेब, गाडी लय झ्याक हाय, पण रूळ काय असा नसतो. माझा मालक रुळावर हाय, मला म्हाईत हाय."

मी कपाळावर हात मारला. ओझरच्या विमानाच्या कारखान्यातला मोठा इंजिनिअर माणूस आणि त्याला माझी बायको शिकवून आली. पण साहेबांना राग आला नव्हता. उलट मालकाला घेऊन या म्हणाले होते. मी म्हटलं, रविवारची सुट्टी मी खेळण्यात घालवणार नाही. तू म्हणालीस, "जन्मभर त्याच्यावर हातोडा मारलाय, एकदा नुसती नजर टाकायला काय दुखतं?"

आलो. माडीवर गेलो. साहेबांच्या बाई वारल्यापासून ती खोली अशीच पडून होती म्हणे. खिडकीपासून दारापर्यंत टेबल, त्याच्यावर हिरवा कागद चिकटवलेला, वर रूळ. जावयानं परदेशातून आणून दिलेलं इंजिन. साहेबांनी बटन फिरवलं, गाडी निघाली. गाडी खरंच झ्याक होती. पण मी गाडी बघत नव्हतो. ताशी चाळीस मैलांनी गाडी गेली तरी मी आयुष्यात कधी गाडी बघितली नाही, चाकाखाली काय होतंय ते बघितलं.

"कसं वाटतं मुकादम?" साहेब म्हणाले.

"खडी कुठाय?" मी म्हटलं. "रूळ काय जमिनीवर झोपवलाय का? असा रूळ टाकला असता तर पहिल्या गाडीला आमची गँग घरी पाठवली असती. आणि स्लीपर एवढा काळा? लाकडी स्लीपर नवा असतो तेव्हा डांबराचा काळा. दोन उन्हाळे खाल्ले की चुलीतल्या राखेसारखा होतो. आणि जोडापाशी दोन स्लीपर जवळजवळ असतात, इथं सगळे सारख्याच अंतरावर. आणि वरती तारा कुठायत?"

"तारा नाहीत," साहेब म्हणाले. "आमची गाडी कोळशाची आहे."

"मग राख कुठाय?"

साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. मग वही काढून सगळं लिहून घेतलं. मी चौथी शिकलेला माणूस, आणि इंजिनिअर माझं बोलणं लिहून घेतोय. तू दारात उभी राहून पदरात हसत होतीस. घरी येताना बसमध्ये मला म्हणालीस, "खेळण्यात वेळ नव्हता ना घालवायचा? तीन तास झाले."

त्यानंतर दर रविवारी. इंदे, तीस वर्षं आपला संसार झाला होता तोवर. तू तुझ्या कामाला, मी माझ्या. एका कामाला दोघं शेजारी बसलो ते त्या टेबलाशीच.

खडीची भानगड आठवते? साहेब म्हणाले, सगळं सत्त्याऐंशी पट लहान पाहिजे. कागदावर आकडे मांडायला लागले. मी म्हटलं, आमची खडी दोन इंची. ते पेन्सिल चावत बसले. तू पोळपाट धुऊन हात पुसत वर आलीस आणि म्हणालीस, "म्हणजे बारीक रवा." साहेबांचं गणित नंतर तिथंच आलं.

दगड फोडायच्या मशीनवरून मी पिशवीभर कच आणली. काळ्या दगडाची, आपल्याकडची. साहेबांनी दुकानातून पांढरी वाळू आणली होती, ती मी खिडकीतून बाहेर टाकायला निघालो होतो. तू कच धुतलीस, वाळवलीस, आधी रव्याच्या चाळणीनं चाळलीस, मग पिठाच्या. वर राहिलं ते फार मोठं, खाली गेलं ती धूळ, मधलं आपलं. त्या दोन चाळण्या नंतर घरात आल्या नाहीत. आठ दिवस पीठ शेजारच्या चाळणीनं चाळत होतीस.

आणि मग ती खडी टाकायची. साहेब ब्रश घेऊन वीतभर करायला सकाळ घालवायचे, तरी स्लीपरवर दाणे. मी तर प्रयत्नच सोडला. तू म्हणालीस, सरका. अंगठा आणि दोन बोटांत चिमूट धरलीस आणि दारात रांगोळीची रेघ ओढतात तशी दोन स्लीपरच्या मधून सोडत गेलीस. हात थांबला नाही, उचलला नाही. स्लीपरवर एक दाणा नाही. साहेब बघतच राहिले. मी त्यांना म्हटलं, "रोज सकाळी दार सारवून रांगोळी काढते ती. मी कधी बघितली नाही, तिच्यावरून पाय देऊन ड्युटीवर जातो." ते मी चेष्टेत म्हटलं होतं. तू चेष्टेत घेतलं का नाही, मला माहीत नाही.

वरून पातळ गोंद सोडला की त्याचे गोळे व्हायचे, खडी वर तरंगायची. साहेबांनी पुस्तकं चाळली. तू रिठ्याचं पाणी करून आणलंस. "केस कोरडे असले की पाणी वरूनच जातं. आधी रिठा मारा, मग मुरतं." आधी रिठ्याचं पाणी शिंपडलं, मग औषधाच्या ड्रॉपरनं गोंद. मुरला. दुसऱ्या रविवारी बोटानं दाबून बघितलं तर पक्की बसलेली खडी. माझ्या गँगच्या पॅकिंगसारखी.

गंजावरून मात्र आपलं जमत नव्हतं. तू गेरू, काजळ आणि गोंद कालवून रुळाच्या बाजूला लावायला लागलीस तसा मी भडकलो. "माझ्या बीटात, माझ्या ताब्यातल्या पट्ट्यात, गंजका रूळ नाही. रूळ चांदीसारखा असतो."

"वरून बघता तुम्ही. वरून चांदीच. मी खाली बसून बघितलाय, बाजूनं. बाजू करपलेल्या तव्यासारखी असते."

मी वाद घालत राहिलो. सोमवारी ड्युटीवर गेलो, कुणी बघत नाही असं बघून खाली उकिडवा बसलो. करपल्या तव्यासारखी. हे मी तुला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी फक्त म्हटलं, "लाव काय लावायचं ते. वरचं टोक मात्र पुसून घे." तू हसलीस त्यावरून तुला कळलं असणार.

चहाचा चोथा वाळवून त्याची माती केलीस. केरसुणीचे तुकडे कापून वाळकं गवत केलंस. मी म्हटलं, गवत नको, गवत म्हणजे मुकादम झोपलाय. तू म्हणालीस, टेबलावरच्या फाटकाच्या पलीकडं लाव, तिथं दुसऱ्या मुकादमाचं बीट. तेवढं मला पटलं.

तेलाचं तर साहेब मरेपर्यंत सांगतील. तू भावाकडे नामपूरला गेली होतीस, लग्नाला. मी एकटा गेलो. साहेब खाली फोनवर. मी रुळाकडं बघत बसलो तर सगळे जोड कोरडे. आता तूच सांग, चावीवाला म्हणून, रुळाचे जोड तपासत, किती वर्षं काढली मी? जोड कोरडा दिसला की हात आपोआप तेलाकडं जातो. साहेबांच्या बाईंचं शिलाई मशीन कोपऱ्यात होतं, त्याची तेलाची बाटली घेतली आणि एकेक जोड ओला केला. चाळीस-पन्नास जोड. मनापासून. साहेबांनी वर येऊन बटन फिरवलं तर इंजिन जागच्या जागी चाकं फिरवतंय, भिरभिर भिरभिर, पुढं जाईना. आणि खडीवर काळे डाग पसरत चाललेले. साहेब खुर्चीत बसले आणि टेबलाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता रडतात.

तू आलीस, वाकून बघितलंस आणि पोट धरून हसलीस. "मालक, पगार चालू हाय का अजून?" मग चिंधीनं रूळ पुसून काढलेस, दोन रविवार लागले. पण ठेसनाच्या तोंडाशी एक मोठा डाग होता, तो साहेब खरवडायला लागले तर हात धरलास. "तेवढा राहू द्या. इंजिन तिथंच उभं राहतं. उभं राहिलं की गळतंच ना." आज ते टेबल बघायला येतो तो माणूस पहिल्यांदा त्या डागाला बोट लावतो. म्हणतो, काय खरं केलंय! ती माझी चूक आहे हे कुणाला सांगत नाही. तुझ्यामुळे ती चूक राहिली नाही.

मी रिटायर झालो, कॅम्पातल्या बसच्या चकरा वाढल्या. कुंभमेळ्याच्या साली साहेबांनी टेबल वाढवलं. मग गेल्या दिवाळीच्या आधी म्हणाले, "हा शेवटचा तुकडा तुम्हा दोघांचा. तुमच्या बीटातली कुठलीही जागा करा."

मी लगेच जागा सांगितली. लहवितच्या अलीकडचं फाटक, आणि त्याच्या आधीचं वळण. एक हात वळण, एक हात सरळ. तिथं मी सगळ्यात जास्त वर्षं काढली. तू मान हलवलीस. तुझ्या मनात काय चाललं होतं ते मला पुढच्या रविवारी कळलं.

तुझी खडी टाकून झाली. गोंद अजून ओला होता. मग चमच्याची दांडी घेतलीस आणि वळणावर, खडीच्या उतारावरून तिरकी एक रेघ ओढलीस. रुळापर्यंत. मग रुळाच्या मधून. मग पलीकडच्या उतारावर.

"हे काय?"

"वाट."

"कसली वाट?"

"माणसं जायाची. होती ना तिथं."

"होती म्हणून काय झालं? ती बुजवायचं माझं काम होतं! दर सोमवारी चार घमेली खडी ओतायचो तिथं. मंगळवारी बघावं तर परत खाली. ट्रॉलीवरून अधिकारी आला की पहिलं बोट तिथंच. सगळ्या बीटात तेवढी एक जागा नाक कापणारी आणि तू तीच काढून ठेवतेस?"

"खरं दिसायला पाह्यजे म्हणता ना तुम्ही?"

"जी कुणी भवानी तिथनं उतरायची, ती सापडली असती तर—"

तू चमचा खाली ठेवलास. राग आला की तू नामपूरची व्हायचीस, तशी झालीस. "मनी वाट शे ती," म्हणालीस. माझी वाट आहे ती. "वीस वरीस त्याच वाटेनं भाकर आणली मी तुमची."

साहेब चहा घेऊन वर येत होते, ते जिन्यातूनच परत गेले.

आणि मी काय केलं? पट्टी उचलली आणि तू टाकलेली सगळी खडी खरवडून काढली. दोन हात. ओला गोंद, खडी, सगळं. खालचा काळा रूळ उघडा पडेपर्यंत. "रेल्वेचं नुकसान करत होतीस तू," असलं काहीतरी ओरडलो. रिटायर होऊन इतकी वर्षं झालेला माणूस.

तू हात धुतलेस, पदर डोक्यावर घेतलास आणि निघालीस. बसमध्ये माझ्या शेजारी बसली नाहीस, पुढच्या सीटवर बसलीस. संसारी गावाच्या थांब्याला मान न वळवता म्हणालीस, "सोमवारच्या शिव्या तुमच्या सगळ्या पाठ हायेत मला. खाली उभी राहून ऐकायचे. तुमची खडी टाकून झाली की मग वर चढायचे." त्या शब्दांत हसू होतं. आता मला ते ऐकू येतं. तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

त्यानंतर तू माडीवर गेली नाहीस. आधी मला वाटलं रुसलीस. मग कळलं की तुला जिना चढवत नव्हता. दम लागायला लागला, पाय सुजले, दवाखाने सुरू झाले. मीही टेबलाशी गेलो नाही. नाशिकरोडच्या दवाखान्यात तू नळीतून श्वास घेत होतीस तेव्हा विचारलंस, "तो रूळ केला का?" मी म्हटलं, "तू बरी हो, मग भांडू." एवढंच. कळवणहून लेक आली होती, ती बाजूला उभी होती, डॉक्टर येत-जात होते, तिथं काय बोलणार? खरं तर तिथंच बोलायला पाहिजे होतं.

तर आता ऐक. ती वाट तुझी म्हणालीस तेव्हा मी भ्यालो होतो. म्हणून मी ओरडलो.

तुला मी कामाचं पुष्कळ सांगायचो. कुणी दारू पिऊन आला, कुणाला मेमो मिळाला. एक गोष्ट कधी सांगितली नाही. माणूस गाडीखाली आला की त्याला गोळा करायचं काम गँगचं असतं. पोलीस उभे राहतात, पंचनामा लिहितात. हात आम्हीच लावतो. गोणपाट घेऊन. त्या वळणावर मी तीन वेळा ते काम केलंय. त्यातली एक बाई होती, डोक्यावर टोपली होती तिच्या. त्या दिवशी मी घरी आलो, जेवलो नाही, तू विचारलंस तर म्हणालो पोट बिघडलंय. तू ओवा दिलास.

ते वळण आंधळं आहे, इंदे. खालून चढणाऱ्याला वरची गाडी दिसत नाही. वारा दारणा नदीकडून असला की ऐकूही येत नाही, रूळ आधी थरथरतो आणि मग एकदम इंजिन. म्हणून मी तिथं खडी ओतायचो. अधिकाऱ्याच्या बोटासाठी नाही. तुला मी टेबलाशी अधिकाऱ्याचं सांगितलं कारण ते सांगायला सोपं. दर सोमवारी मी त्या कोण्या बाईला शिव्या घालायचो आणि मनात म्हणायचो, बाई गं, मरशील. ती तू होतीस. वीस वर्षं.

तेराव्यानंतर एक काम केलं मी. आपल्या जुन्या क्वार्टरपाशी गेलो. आता तिथं दुसरे लोक राहतात, त्यांच्या दारातून निघालो आणि फाटकातून वळसा घालून त्या बाभळीपर्यंत चालत गेलो, जिथं गँग जेवायला बसायची. पाऊण तास लागला. म्हातारा आहे, तुझा अर्धा तास धर. तिथं बाभळीखाली बसलो आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला.

लग्न झालं त्या वर्षी मी तुला म्हणालो होतो, सकाळची गार भाकरी माझ्या घशाखाली उतरत नाही. त्या दिवसापासून तू बारा वाजता गरम आणलीस. फडक्यात गुंडाळलेली, उघडली की वाफ. गँगमधले म्हणायचे, मुकादम नशीबवान. फाटकाकडून येणाऱ्या गाडीवाटेनं तू चालत यायचीस म्हणून मी धरून चाललो की तू फाटकातूनच येतेस. फाटकातून आलं तर भाकरीला वाफ कशी राहील? रूळ ओलांडला तरच राहते. एवढं साधं मला कधी सुचलं नाही. मी रोज भाकरी गरम आहे का बघायचो. तू कुठून आलीस ते एकदाही विचारलं नाही.

ती वाट मीच पाडली होती, इंदे. माझ्या जिभेनं. आणि दर सोमवारी मीच बुजवत होतो.

मंगळवारी हे लिहायला घेतलं, आज शनिवार आहे. बुधवारपासून मी साहेबांकडं जातोय. जिन्याचं कुलूप उघडून देतात आणि खाली जाऊन बसतात. पहिल्या दिवशी नुसता गेरू लावला, राखेनं स्लीपर पांढरे केले. ते जमलं. गुरुवारी खडी घेतली. तुझी चाळलेली डबाभर अजून आहे. अंगठा आणि दोन बोटांत चिमूट धरली तर धरताच येईना. हा अंगठा हातोड्याखाली आला तेव्हापासून वाकडा, तुला माहीतच आहे. खडी भसकन पडते. एक वीत करायला दुपार गेली. स्लीपरवर दाणेच दाणे. चिमटा घेऊन एकेक उचलला. "सरका," असं मागून कुणी म्हणेल असं दोनदा वाटलं. एकदा तर मी सरकलोसुद्धा.

शुक्रवारी साहेब वर आले. बघितलं. "छान झालंय," म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, ह्या वयात खोटं कशाला बोलता?"

ते हसले. मग म्हणाले, "इंदूबाईंचा हात कुठं थांबला ते दिसतं खरं."

दिसतं. तुझी खडी कुठं संपते आणि माझी कुठं लागते, ते शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. ते मी लपवलं नाही. लपवता आलंही नसतं.

आणि आज वाट. सकाळी चमच्याची दांडी हातात घेतली आणि बराच वेळ वळणापाशी धरून बसलो. जागा मला चांगली ठाऊक होती. तू ओढलेली रेघ मी खरवडली तरी खालच्या पुठ्ठ्यावर तिचा वळ राहिलाय. त्याच्यावरून दांडी ओढायची, एवढंच काम. तुझ्या मनासारखं झालं असतं, भांडण मिटलं असतं, मला माफी मागितल्यासारखं झालं असतं. हात पुढं जाईना. बारा वाजता तिथं तू उतारावर पाय देतेस, हातात फडकं, वारा दारणेकडून, हेच दिसत होतं. खेळण्यातला रूळ आहे, गाडी बोटाएवढी आहे, सगळं कळतंय मला. तरी हात जाईना.

म्हणून मी वाट केली, पण वळणावर नाही. हातभर पुढं नेली, सरळ रुळावर, फाटकाच्या जरा अलीकडं. खडीच्या उतारावरून तिरकी, रुळाच्या मधून, पलीकडं. तुझ्याएवढी बारीक नाही जमली, बैलगाडी जाईल एवढी झालीय. चहाच्या चोथ्यानं मळकी केली. चालून चालून गुळगुळीत झाल्यासारखी दिसते.

तू म्हणशील, तिथं नव्हतीच ती. साहेबांच्या त्या सगळ्या टेबलावर खडी खरी, गंज खरा, तेलाचा डाग खरा, आणि मी एवढी एक वाट खोटी करून ठेवली. म्हण. पुढच्या सीटवर बसून म्हण. पल्ला थोडा वाढतो, भाकरी गार होईल, होऊ दे, मी खाईन.

तिथं उभं राहिलं की दोन्हीकडची गाडी लांबून दिसते.